वाघ काढाचा हाय का वरात? : परवडणाऱ्या टेलिझूमचा एक आढावा

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या जुन्या शहरात जेवढे कॅमेरे बाहेर पडतात, तेवढे एरवी कधी दिसत नाहीत. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून, अठराएक किलोमीटर पायी चालत आलेल्या कावडी आणि पालख्या राजराजेश्वराच्या मंदिराकडे सरकत असतात. शेकडो भरण्यांची, म्हणजे पाण्याच्या भांड्यांची, एखादी कावड वळणावर तिरपी होते, खांदेकरी खांदा बदलतात, आणि गच्चीवरून पाहणाऱ्याला त्या गर्दीतला नेमका एकच चेहरा हवा असतो. तो वीस मीटर लांब असतो. मोबाईल इथे हात टेकतो. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ सुद्धा टेकते. मग पोळा ते दिवाळी या दिवसांत कॅमेरेवाल्या पोरांच्या गप्पांत एकच प्रश्न फिरत राहतो: टेलि कोणती घ्यायची?

सल्ला देणारे कमी नाहीत. एक म्हणतो, घ्यायची तर एकदम सहाशेची घे, पुन्हा पुन्हा खर्च नको. दुसरा म्हणतो, तीनशेच्या खाली काही घेऊच नको. शहरातल्या एका जुन्या दुकानदाराची रीत मला जास्त पटते. गिऱ्हाईक आलं की तो कपाट उघडत नाही, आधी विचारतो, "भाऊ, वाघ काढाचा हाय का वरात?" उत्तर आलं की त्याचा पुढचा प्रश्न, "बॉडी कोनती हाय?" कंपनी आणि किंमत त्यानंतर. या लेखात मी त्याचाच क्रम धरतो. फक्त मध्ये माझी एक गोष्ट घालतो: दहा-पंधरा हजारांच्या हिशेबात लेन्सची लांबी दुय्यम आहे, तिचं स्थिर राहणं मुख्य.

आधी बाजाराचं बोलू, कारण परवडणारी हा शब्द तिथे ठरतो. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपली संशोधनाची ताकद आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे वळवली आहे. कॅननचा शेवटचा मोठा डीएसएलआर, वन-डी एक्स मार्क थ्री, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला. निकॉनचे डी३५०० आणि डी५६०० हे नवशिक्यांचे लाडके कॅमेरेही बंद झाले. याचा परिणाम अकोला, अमरावती, खामगावच्या लग्नाच्या फोटोग्राफरांवर झालाच. ज्यांचा धंदा बरा चालतो ते मिररलेसवर गेले आणि त्यांच्या बॅगेतल्या जुन्या लेन्स विक्रीला आल्या. घेणाऱ्याला याहून चांगला काळ नाही. डीएसएलआरची माउंट बंद पडणार, मग पैसे वाया जाणार, अशी भीती घालणारे भेटतात. ज्याच्याकडे चालू स्थितीतला डीएसएलआर आहे आणि ज्याला त्याच्यावर चार-पाच वर्षं फोटो काढायचे आहेत, त्यानं त्या भीतीकडे लक्ष देऊ नये. काचेला बाजारातली फॅशन कळत नाही. आणि कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्याच अडॅप्टरनं नव्या आरएफ माउंटवर उत्तम चालतात, हे वर.

आता थोडं गणित. आपल्याकडचे बहुतेक डीएसएलआर एपीएस-सी सेन्सरचे आहेत. कॅननच्या सेन्सरची रुंदी सुमारे २२.३ मिलिमीटर, निकॉनची साधारण २३.५. कॅननवर २५० मिलिमीटरची लेन्स लावली तर दहा मीटरवर चौकटीत ८९ सेंटीमीटर रुंदीचं दृश्य मावतं. ३०० लावली तर ७४. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंटीमीटरच्या आसपास असतो. म्हणजे मोर्णा नदीच्या काठावर दहा मीटरवर बसलेला खंड्या २५० मध्ये चौकटीच्या तिसऱ्या हिश्शाला थोडा कमी पडतो आणि ३०० मध्ये थोडा जास्त भरतो. एवढाच फरक. दोन पावलं पुढे सरकलं की तो मिटतो. ज्या फरकासाठी लोक रात्ररात्र व्हिडिओ पाहत बसतात, तो दोन पावलांचा आहे.

कावडीचं गणित याच सूत्रानं करा. गच्चीवरून वीस मीटरवरचा माणूस, २५० ची लेन्स: आडव्या चौकटीत साधारण पावणेदोन मीटर बाय एक मीटर वीस सेंटीमीटर. कॅमेरा उभा धरला तर माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो, आडवा धरला तर कमरेपासून वर, खांद्यावरच्या काठीसकट. याहून लांब लेन्स जुन्या शहराच्या रस्त्यांवर बहुतेक वेळा अडचणच करते. मेळघाटात सुद्धा तेच. शहानूरच्या बाजूनं नरनाळ्याकडे जाताना जिप्सीपासून पंचवीस मीटरवर गवा उभा राहिला, तर २५० च्या चौकटीची रुंदी सव्वादोन मीटर भरते. पूर्ण वाढलेला गवा त्यात मावतच नाही. झूम मागे घ्यावा लागतो.

पाणपक्ष्यांचं मात्र वेगळं. पातूर रस्त्यावरच्या कापशी तलावावर हिवाळ्यात बदकं येतात, पण ती काठाला नसतात, साठ-सत्तर मीटर आत असतात. साठ मीटरवर २५० च्या चौकटीत सव्वापाच मीटरहून जास्त पाणी येतं आणि त्यात अर्ध्या मीटरचं बदक म्हणजे एक ठिपका. ६०० लावली तरी ते चौकटीच्या पाव भागापर्यंतच जातं. तिथे खरा उपाय लांबीचा नाहीच. पहाटे आधी जाऊन काठाच्या गवतात पालथं पडून राहायचं आणि पक्षी स्वतःहून जवळ येईपर्यंत हलायचं नाही. ज्यांचे फोटो पाहून आपण सहाशेची स्वप्नं बघतो, ते हेच करतात. फक्त फोटोखाली लेन्सचं नाव लिहितात, पालथं पडल्याचं लिहीत नाहीत.

आता स्थिरतेकडे येतो. लांब लेन्स जशी दूरचं दृश्य मोठं करते तसा हाताचा कंपही मोठा करते. जुना अंदाज असा की शटरचा वेग किमान लेन्सच्या लांबीएवढा हवा, आणि एपीएस-सीवर त्याला कॅननसाठी १.६ नं, निकॉनसाठी १.५ नं गुणायचं. म्हणजे २५० साठी सेकंदाचा चारशेवा भाग. श्रावणातलं ढगाळ आभाळ, चार वाजताची गल्ली आणि एफ/५.६ चं छिद्र यांत हा वेग मिळवायला आयएसओ खूप वर न्यावा लागतो. इथे लेन्समधली कंपरोधक यंत्रणा कामाला येते. कॅनन तिला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस. आत काचेचा एक गट हाताच्या उलट दिशेनं सरकतो आणि प्रतिमा जागेवर धरतो. बदलता येणाऱ्या एसएलआर लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा आली ती १९९५ साली, कॅननच्या ७५-३०० आयएस यूएसएममध्ये. ती काही लाखमोलाची पांढरी लेन्स नव्हती, याच साध्या वर्गातली टेलिझूम होती. कंपरोधाची सगळ्यात जास्त गरज कुठे आहे हे तेव्हाच दिसलं होतं.

त्यामुळे गंमत वाटते ती याची की त्याच नावाची, कंपरोध नसलेली ७५-३०० थ्री ही १९९९ ची लेन्स आजही लोक हौसेनं घेतात. स्वस्त आहे, ३०० लिहिलेलं आहे, बस. तीनशेवर ती मऊ पडते, उजेडाविरुद्धच्या कडांना जांभळी किनार येते, फोकस हळू, आणि दीड मीटरच्या आत ती काही पाहतच नाही. हीच लेन्स पुढे करून कोणी "तीनशे आहे, अडीचशेपेक्षा मोठी" म्हणालं तर नमस्कार करून निघावं.

कॅननवाल्यांसाठी माझ्या मते उत्तर जवळजवळ एकच आहे: ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम, २०१३ ची. वजन ३७५ ग्रॅम. दिवसभर गळ्यात राहिली तरी मान दुखत नाही. कंपनी साडेतीन स्टॉपचा दावा करते. निम्मा खरा धरला तरी सेकंदाच्या शंभराव्या-सव्वाशेव्या भागावर स्थिर फोटो निघतो. ८५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस होतो, पुढची काच फिरत नाही, फोकसचा आवाज येत नाही. तिच्या आधीच्या दोन पिढ्या, २००७ ची आयएस आणि २०११ ची आयएस टू, काचेच्या बाबतीत वाईट नाहीत, पण फोकसची मोटर जुनी, घरघरणारी. सेकंडहँडमध्ये एसटीएम साधारण दहा हजारांच्या आसपास आणि आयएस टू त्याहून बरीच खाली मिळते. बजेट अगदीच ताणलेलं असेल तर आयएस टू घ्या, पण विकणारा दोन्हींचा भाव सारखाच सांगत असेल तर लेन्सवरची अक्षरं नीट वाचा. एक इशारा: ईएफ-एस लेन्स फुलफ्रेम बॉडीवर, म्हणजे सिक्स-डी, फाइव्ह-डीवर बसत नाही. तसली बॉडी असेल तर २०१६ ची ७०-३०० आयएस टू बघावी. फोकस फार वेगवान, वजन मात्र सातशे ग्रॅमच्या वर.

निकॉनचं प्रकरण इतकं सरळ नाही, आणि इथेच दुकानदाराचा दुसरा प्रश्न कामी येतो. निकॉनची २०१६ ची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर ही किमतीच्या मानानं अप्रतिम लेन्स आहे. ४१५ ग्रॅम, चट्‌कन फोकस, तीनशेवरही बरीच धारदार. पण तिची मोटर नव्या जातीची आहे. डी३३००, डी५३०० आणि त्यानंतरच्या बॉड्यांवर ती छान चालते, गरज पडली तर फर्मवेअर अद्ययावत करून. डी७१००, डी७२००, डी५२०० वर चालते, पण कॅमेरा झोपून उठला की फोकस जागेवरून हललेला असतो. आणि डी९०, डी७०००, डी३१००, डी३२००, डी५१०० यांवर? तिथे फोकसच होत नाही. हातानंही नाही, कारण तिची फोकसची रिंग विजेवर चालते. आपल्या भागात डी३२०० आणि डी५१०० घरोघर पडून आहेत. म्हणून हा परिच्छेद एवढा लांबवला.

शिवाय या लेन्सचं एक जुळं भावंडही आहे, बिनाव्हीआरचं, काही किटमधून आलेलं. दिसायला तसंच. नावात व्हीआर लिहिलंय का ते बघा. लेन्सवर व्हीआरचं बटण शोधू नका, ते दोन्हींवर नाही. चालू-बंद कॅमेऱ्याच्या मेनूतून होतं.

जुनी निकॉन बॉडी असणाऱ्यांनी एएफ-एस ७०-३०० एफ/४.५-५.६ व्हीआर शोधावी. २००६ ची, जड, पण भरवशाची, आणि फुलफ्रेमवरही चालणारी. ५५-२०० व्हीआर हलकी आणि स्वस्त आहे, कावडीला पुरते, खंड्याला कमी पडते. ५५-३०० व्हीआर मधली, फोकसमध्ये सुस्त. आणि एएफ ७०-३०० जी नावाची, काळ्या प्लास्टिकची, अगदी किरकोळ भावात मिळणारी एक लेन्स आहे. तिच्यात मोटरच नाही. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे तिथे ती हातानंच फिरवत बसावी लागते.

टॅमरॉन-सिग्मा यांच्याकडे थोडं जपून. टॅमरॉनची ७०-३०० व्हीसी यूएसडी, २०१० ची, कॅनन-निकॉनच्या घरच्या लेन्सच्या तोडीची आहे आणि तिचा कंपरोध तर इतका घट्ट की व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र चिकटल्यासारखं वाटतं. पण याच कंपनीची ७०-३०० एलडी मॅक्रो ही वेगळी आणि बरीच साधी लेन्स आहे, कंपरोध नाही. तिचा गुण एकच: मॅक्रोवर टाकली की चतुर, फुलपाखरं अर्ध्या आकारात टिपते. कृषी विद्यापीठाच्या परिसरात किडे-फुलं काढणाऱ्यांना ती आवडू शकते. निकॉनसाठी घेताना आत मोटर असलेली आवृत्ती आहे ना ते विचारा, दोन्ही बाजारात आहेत. सोनी ए-माउंट वापरणारे आता विरळ. त्यांच्यासाठी १९८५ ची मिनोल्टा ७०-२१० एफ/४ अजून कुठे कुठे मिळते आणि आजही लाजवत नाही. पेन्टॅक्सवाले स्वतःच इतके अभ्यासू असतात की त्यांना मी काय सांगणार.

१८-३००, १८-४०० सारख्या 'एकच लेन्स सगळ्याला' प्रकारात मी जाणार नाही. लेन्स बदलायचा कंटाळा असेल तर घ्या, चित्राच्या दर्जाची अपेक्षा ठेवू नका. लेन्सच्या पुढच्या आट्यांवर बसवायचे 'टू एक्स टेलि' नावाचे ऑनलाइन मिळणारे भिंगाचे डबे मात्र घेऊच नका.

आता वरात. म्हणजे अंधार. कावडी रात्रभर चालतात, काही पालख्या जुन्या शहरात शिरतात तेव्हा एलईडीचा झगमगाट असतो आणि त्याच्या पलीकडे काळोख. लग्नाचं, गणपती विसर्जनाचं तेच. मिनोल्टा सोडली तर वर सांगितलेली प्रत्येक लेन्स लांब टोकाला एफ/५.६ किंवा ६.३ वर येते, आणि कंपरोध तुमचा हात धरतो, नाचणाऱ्याचा नाही. ढोल बडवणाऱ्याची टिपरी गोठवायला सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो तो लागतोच. इथे धंदेवाईक मंडळी ७०-२०० एफ/२.८ वापरतात. जुनी, बिनाकंपरोधाची टॅमरॉन, २००८ ची, सेकंडहँडमध्ये आवाक्यात येते खरी, पण सव्वा किलोच्या आसपास वजन आणि रडतखडत फोकस. हौशी माणसाला मी ८५ एफ/१.८ सुचवतो. झूम नाही, पण एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. ८५ ची लेन्स एपीएस-सीवर १३० च्या आसपास वागते, म्हणजे चौकात कडेला उभं राहून सात-आठ मीटरवरचा माणूस टिपायला नेमकी. ५५-२५० आणि ८५ अशी जोडी सेकंडहँड घेतली तरी एका नव्या मोठ्या लेन्सच्या निम्म्याहून कमीत भागतं.

आणि वाघ? खरं तर वाघ हे निमित्त असतं. मेळघाटात वाघ सहजी दिसत नाही, दिसला तर सागाच्या सावलीत, तोही अर्धा. मोठी लेन्स लागते ती पक्ष्यांना. २०१३ च्या शेवटी टॅमरॉननं १५०-६०० काढली तेव्हा हौशी माणसाला पहिल्यांदा सहाशेची वाट उघडली. पाठोपाठ सिग्माची कंटेम्पररी आणि २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० एफ/५.६ आली. तिन्ही चांगल्या. तिन्ही दोन किलोच्या आसपास किंवा वर, नव्या घेतल्या तर पाऊण लाख ते लाखाच्या पट्ट्यात. ज्याच्याकडे डी३४०० किंवा १५००डी आहे त्यानं त्या बॉडीवर असली लेन्स लावण्याआधी विचार करावा. उडत्या शेकाट्याचा पाठलाग करायला त्या बॉडीचे मोजके फोकस पॉइंट अपुरे पडतात, आणि खर्च तिथे थांबत नाही, पुढे बॉडी, मोनोपॉड, बॅग असं वाढत जातं. काटेपूर्णा अभयारण्यात, कारंजा-सोहोळच्या काळवीटांच्या माळावर नेमानं जाणारे असाल तर जरूर घ्या. वर्षातून दोनदा जाणार असाल तर त्या पैशात पेट्रोल टाकून जास्त वेळा जा.

अकोल्यापुरती एक अडचण कुठल्याच किमतीची लेन्स सोडवत नाही. फेब्रुवारी संपला की इथली जमीन तापते आणि सकाळी नऊनंतर जमिनीलगतची हवा थरथरू लागते. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणारं हे गाव. पन्नास-साठ मीटरवरचं काळवीट तेव्हा कितीही महाग भिंगातून पाण्यात बुडाल्यासारखंच दिसणार. लोक लेन्स खराब आहे म्हणून परत करायला जातात. लेन्स बरी असते. उन्हाळ्यात साडेसहा ते साडेआठ ही वेळ आणि जवळचा विषय, एवढंच हातात असतं. असदगडाच्या तटावर सकाळी घारी आणि पोपट मिळतात, खाली मोर्णेच्या गाळात शेकाटे, ढोकरी, धोबी. डोळे उघडे ठेवले तर जुन्या शहरातच २५० ला वर्षभराचं काम आहे. २०१८ मध्ये शहरानं हातात पावडं घेऊन मोर्णेतली जलकुंभी काढली होती तेव्हा पात्र मोकळं दिसलं होतं. पुन्हा जलकुंभी वाढली की पक्षी काठाशी येतात, फोटोवाल्याची सोय होते, नदीची मात्र नाही.

सेकंडहँड घेताना काय पाहायचं? मोबाईलचा टॉर्च मागून लावून समोरून आत बघा. धुळीचे चार कण चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे चालत नाहीत. ती बुरशी. वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत वापरलेल्या लेन्सला ती कमी लागते, मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्सला जास्त, म्हणून लेन्स आधी कुठे होती हे विचारायला लाजू नका. जिनिंगच्या बाजूनं काम केलेल्या फोटोग्राफरच्या लेन्समध्ये कापसाची बारीक तूस नळीच्या सांध्यात सापडते. झूम फिरवताना खरखर लागली तर समजा. लेन्स खाली झुकवून धरा, नळी आपोआप घसरत बाहेर आली तर सैल झाली आहे. कंपरोध चालू करून शटर अर्धं दाबा: मंद गूं असा आवाज ठीक, टकटक किंवा उड्या मारणारं चित्र म्हणजे दुरुस्तीचा खर्च. मोठ्या शहराबाहेर ती दुरुस्ती होत नाही हेही लक्षात घ्या.

मग आपल्याच बॉडीवर, आपलंच कार्ड टाकून, लांब टोकाला, छिद्र पूर्ण उघडं ठेवून समोरच्या दुकानाची पाटी काढा. पाटी चौकटीच्या मध्यावर एकदा, चारही कोपऱ्यांत एकेकदा. एक कोपरा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे मऊ आला तर लेन्स कधीतरी पडली आहे. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे कळत नाही. दुकानदार ओळखीचा असेल तर पैसे देण्याआधी फोटो घरी नेऊन संगणकावर शंभर टक्के मोठे करून बघू देतो. देत नसेल तर दुकानातल्याच संगणकावर बघा.

उरलेल्या पैशात हूड घ्या. कॅननच्या या वर्गातल्या लेन्ससोबत तो मिळत नाही, ५५-२५० एसटीएमसाठी ईटी-६३ नावाचा वेगळा घ्यावा लागतो. निकॉनच्या एएफ-पी ७०-३०० साठी एचबी-७७. जोडीला दुकानदार शे-दोनशेचा 'यूव्ही फिल्टर' पुढे करेल, "काच सेफ राह्यते भाऊ" म्हणेल. टेलिच्या पुढे हलकी काच लावली की तीनशेवरची धार तिथेच जाते. तो नको म्हणा. हूड पुरे.